पाण्याच्या अर्जापासून विधेयकापर्यंत

साष्टीच्या बेटाचा इतिहास सांगताना आपले इतिहासकार १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा कोट सर केल्याचा प्रसंग मोठ्या आवेशाने रंगवतात, १७७४ साली इंग्रजांनी ते बेट हिसकावून घेतल्याची हकीकतही यथासांग देतात, आणि मग, त्यापुढे या भूमीला स्वतःचा इतिहासच उरला नाही अशा निश्चिंतपणे, थेट मुंबईच्या गिरण्यांकडे आणि गोद्यांकडे वळतात. वस्तुतः त्यानंतर साष्टीचे जे झाले ते मुंबईच्या वैभवाइतकेच लिहून ठेवण्याजोगे होते. कंपनी सरकारच्या आणि पुढे राणी सरकारच्या अमलात येथील गावेच्या गावे मुंबईतील धनिक घराण्यांकडे खोतीच्या वा इनामाच्या हक्काने गेली. महसुलाच्या त्या सवलती रद्द करण्यासाठी स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मुंबई राज्याला साष्टीपुरता स्वतंत्र कायदा करावा लागला, इतका त्या वहिवाटीचा पाया खोल गेला होता. जमीन धनिकांची झाली आणि पाणी मुंबईचे झाले. १८६० साली विहारचा तलाव पुरा झाला, १८७९ साली तुळशीचा. पुढे १८९२ मध्ये तानसा आले आणि १९५७ च्या सुमारास वैतरणेवरचा मोडकसागर. हे सारे पाणी साष्टीतून दक्षिणेकडे जाई, आणि ज्या डोंगरांच्या कुशीत विहार आणि तुळशी बांधली गेली त्याच डोंगरांच्या पश्चिम पायथ्याशी वसलेल्या गोरेगावातील बायका मात्र उन्हाळ्यात आटत जाणाऱ्या विहिरींवर रांगा लावून उभ्या असत.

गोरेगाव तेव्हा मुंबई नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, तेथे फिल्मिस्तान हा चित्रपटनिर्मितीचा कारखाना उभा राहिला, युद्ध संपल्यावर पूर्वेच्या टेकड्यांवर आरेची दुग्ध वसाहत आली आणि शहरातल्या तबेल्यांमधील म्हशी तेथे नेण्यात आल्या. पण नकाशावर आणि कागदावर गोरेगाव ही एक ग्रामपंचायत होती, तिचे सरपंच होते, पंच होते, दिवाबत्तीचे आणि गटाराचे वाद होते. गिरगाव-दादरच्या दोन खोल्यांत न मावणारी मध्यमवर्गीय कुटुंबे हवेच्या आणि स्वस्त भाड्याच्या आशेने येथे येऊ लागली होती, फाळणीनंतरच्या निर्वासितांचा लोंढा उपनगरांकडे वळला होता, आणि कोकणातून, घाटावरून आलेला श्रमिक जेथे जागा मिळेल तेथे झोपडे घालीत होता. या तिन्ही लोकांना एकच गोष्ट समान होती: ज्या गावात ते राहावयास आले त्या गावाजवळ त्यांच्यासाठी पाणी नव्हते.

याच गावात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत केशव उर्फ बंडू गोरे आणि मृणाल गोरे या दांपत्याने आपला संसार मांडला. मृणालताई माहेरच्या मोहिले. जन्म १९२८ चा. वैद्यकीच्या अभ्यासक्रमात गुणवत्तेने प्रवेश मिळवून तो त्यांनी अर्ध्यावर सोडला होता, कारण राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामाने त्यांना पुरते ओढून घेतले होते. बेचाळीसच्या आंदोलनातील तरुण कार्यकर्ते बंडू गोरे यांच्याशी १९४८ मध्ये झालेला त्यांचा विवाह आंतरजातीय होता, आणि त्या काळी अशा विवाहाची किंमत किती घरांत कशी चुकवावी लागे हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते निराळे सांगावयास नको. गोरेगावात त्यांनी जे काम आरंभले ते पाहता एखाद्या अखिल भारतीय पक्षाच्या कार्यकर्त्यांना ते फारच क्षुद्र वाटावे असे होते: महिला मंडळ, कुटुंबनियोजनाचा प्रचार, रस्त्यावरचे दिवे, सफाई कामगारांच्या तक्रारी, ग्रामपंचायतीच्या बैठका. परंतु मृणालताईंच्या पुढील सर्व कारकिर्दीकडे पाहिल्यानंतर माझे तरी असे मत झाले आहे की, त्यांचे खरे राजकीय शिक्षण पक्षाच्या शिबिरांत न होता या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झाले, आणि पुढे महानगरपालिका, विधानसभा, लोकसभा अशा पायऱ्या चढताना त्यांनी त्या ओट्याची शिस्त कधी सोडली नाही. अर्ज घ्यायचा, तो कोणत्या खात्याकडे जातो हे शोधायचे, त्या खात्याच्या दारात अर्जदारासह जाऊन बसायचे आणि उत्तर मिळाल्याखेरीज उठायचे नाही, ही ती शिस्त होय. सभागृहात त्या बोलत त्याचे मर्मही बहुधा हेच असे.

१९५७ च्या आरंभी मुंबई महानगरपालिकेची हद्द, जी सात वर्षांपूर्वी जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली होती, ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढवण्यात आली, आणि एका फर्मानाने गोरेगावची ग्रामपंचायत संपून गोरेगाव बृहन्मुंबईचा एक भाग झाले. कागदावर ही बढती होती. कर मुंबईचे आले. सोयी मात्र हळूहळू, आणि त्याही पंक्तीच्या अखेरीस बसलेल्या माणसाच्या पानात पडाव्यात तशा, येत राहिल्या. जलवाहिन्यांचे जाळे मूळ शहराच्या गरजेवरून आखलेले असल्यामुळे उत्तरेकडील टोकाला दाब कमी पडे. टेकडीवरच्या वस्त्यांना तर तो पोहोचतच नसे. आणि जेथे दाब होता तेथे नियम आडवा येई. नळजोडणी मागणाऱ्याचे घर अधिकृत असले पाहिजे, जमीनमालकाची त्याला संमती असली पाहिजे, असा महापालिकेचा शिरस्ता होता. झोपडीवाल्याजवळ पहिली गोष्ट असणे शक्य नव्हते आणि दुसरी मिळणे शक्य नव्हते, कारण नळ दिला म्हणजे कब्जा मान्य केल्यासारखे होईल ही जमीनमालकाची भीती होती, आणि ती त्याच्या दृष्टीने अगदीच निराधार नव्हती.

बंडू गोरे १९५८ मध्ये वारले. पदरी लहान मुलगी असलेल्या तिशीतल्या विधवेने त्यानंतर घरी बसावे अशी समाजाची अपेक्षा होती. मृणालताईंनी सहकाऱ्यांसह केशव गोरे स्मारक ट्रस्टच्या उभारणीला हात घातला आणि १९६१ साली महानगरपालिकेची निवडणूक लढवून त्या निवडून आल्या. नगरसेविका म्हणून त्यांनी जो लढा चालवला त्याची वर्णने आता दंतकथेच्या वाटेला लागली आहेत, म्हणून त्यातील तत्त्वाचा भाग वेगळा काढून पाहणे इष्ट. महापालिकेचे म्हणणे असे होते की, वस्ती बेकायदेशीर आहे, सबब तिला पाणी देता येत नाही. यावर मृणालताईंचे उत्तर असे होते की, वस्तीच्या कायदेशीरपणाचा निवाडा करावयाला न्यायालये आणि सरकार आहे, तो निवाडा होईपर्यंत तेथल्या माणसाने तहानलेले राहावे असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे ते आयुक्तांनी दाखवावे. प्रश्नाची ही मांडणी साधी दिसते, पण तिने जमिनीचा हक्क आणि पाण्याचा हक्क या दोन गोष्टी प्रथमच एकमेकींपासून सोडवल्या. रिकामे हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे महापालिकेच्या दारात जाऊ लागले. अधिकाऱ्यांना वस्तीत बोलावून रांग दाखवण्यात येऊ लागली. सार्वजनिक नळ एकेक करून आले. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले, आणि मुंबईसारख्या शहरात, जेथे नावे वर्तमानपत्रे देतात, तेथे हे नाव नळावरच्या रांगेतून आले हे नमूद करण्याजोगे आहे.

येथे एक गोष्ट सांगून टाकणे प्रामाणिकपणाचे होईल. पाणी आणि ताबा यांची गाठ त्यांनी सोडवली खरी, पण पुढच्या राजकारण्यांनी ती आपल्या सोयीने पुन्हा मारली. १९७१ चा झोपडपट्टी सुधारणा कायदा आल्यावर आणि सरकारी खर्चाने वस्त्यांत नळ, शौचकूप, दिवे देण्याची योजना सुरू झाल्यावर, नळ हा हक्क न राहता उपकार झाला, आणि निवडणुकीच्या आधी नळ व नंतर पाडकाम असा एक विचित्र क्रम मुंबईच्या उपनगरांत रूढ होत गेला. त्याचा दोष मृणालताईंकडे जात नाही. तरी त्यांनी उघडलेल्या वाटेने पुढे कोण कोण गेले याचा हिशेब इतिहासाला ठेवावाच लागतो.

१९७२ च्या निवडणुकीत समाजवादी पक्षाच्या उमेदवार म्हणून त्या उपनगरातून महाराष्ट्र विधानसभेवर मोठ्या मताधिक्याने निवडून आल्या. ती निवडणूक इंदिरा गांधींच्या लाटेची होती. बांगलादेशच्या युद्धाचा विजय ताजा होता. २७० पैकी २२२ जागा काँग्रेसने जिंकल्या आणि समाजवाद्यांचे संख्याबळ एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. अशा सभागृहात विरोधी आमदाराने करायचे काय, हा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला होता. मतदानाने काही होण्यासारखे नव्हते. उरत होती ती संसदीय कामकाजाची लहान हत्यारे: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा. रीगल चित्रपटगृहासमोरच्या त्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये, जो मुळात खलाशांच्या निवासासाठी बांधला गेला होता आणि १९२८ पासून कायदेमंडळाच्या कामी आला होता, मृणालताईंनी ही हत्यारे ग्रामपंचायतीच्या शिस्तीने वापरली. दुष्काळी कामांवरील मजुरी, शेतमजुरांची पिळवणूक, दलित आणि आदिवासींवरील अत्याचार, नळाला न येणारे पाणी, शिधापत्रिकेवर न मिळणारे रॉकेल, हे सारे विषय त्यांच्या दृष्टीने एकाच दप्तरातले होते.

त्या सालचा दुष्काळ महाराष्ट्राला पुढे कित्येक वर्षे विसरता आला नाही. शेते करपली तशी बाजारपेठ तापली; ज्वारी, तेल, साखर, रॉकेल यांचे भाव मध्यमवर्गाच्याही आटोक्याबाहेर गेले आणि रेशनच्या दुकानापुढील रांगा पाण्याच्या रांगांशी स्पर्धा करू लागल्या. तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी, समाजवाद्यांच्या प्रमिला दंडवते, कमल देसाई आणि मृणालताई अशा परस्परांच्या पक्षांशी वर्षानुवर्षे भांडत आलेल्या स्त्रिया एका व्यासपीठावर आल्या. पक्षांच्या पुरुष नेत्यांना जी युती मसलती करकरून साधत नव्हती ती यांनी तेलाच्या डब्यावरून साधली. हातात लाटणे घेऊन निघालेले मोर्चे, ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजवून केलेला निषेध, मंत्र्यांच्या दारात धरलेले धरणे, अशी त्यांची तऱ्हा होती. लाटण्याची थट्टा करणारे अग्रलेख तेव्हा लिहिले गेले. पण ज्या गृहिणीने उंबरा ओलांडून कधी सभा पाहिली नव्हती ती जे हत्यार तिच्या हाताला ठाऊक होते ते घेऊनच रस्त्यावर आली, यात थट्टेपेक्षा विचार करण्याजोगे अधिक होते. उपनगरी गाडीने चर्चगेटला उतरून मंत्रालयापर्यंत चालत जाणाऱ्या या बायकांपैकी पुष्कळजणी गोरेगाव, मालाड, बोरिवलीच्या होत्या, आणि त्यांची आमदार त्यांच्याबरोबर चालत होती. दुपारी मोर्चात दिलेली घोषणा ती सायंकाळी सभागृहात प्रश्नाच्या रूपाने मांडीत होती. भाव मात्र मोर्चांनी उतरले नाहीत. साठेबाजांच्या गोदामांवर काही धाडी पडल्या, काही ठिकाणी कोटा वाढला, आणि मग २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि मोर्चा हा प्रकारच बेकायदेशीर ठरला.

मृणालताई भूमिगत झाल्या. विद्यमान आमदाराने वेश पालटून आपल्याच शहरात घरोघर लपत फिरावे असा तो काळ होता; त्याच वर्षाअखेरीस त्या पकडल्या गेल्या आणि अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. अकोल्याच्या कारागृहात त्यांना एकाकी ठेवले गेले, आणि शेजारच्या कोठड्यांत एक कुष्ठरोगी स्त्री व एक मनोरुग्ण स्त्री होती. त्या तुरुंगवासाची गाऱ्हाणी त्यांनी पुढे फारशी मांडली नाहीत.

१९७७ च्या मार्चमध्ये निवडणुका झाल्या तेव्हा मुंबईने आपल्या सहाही जागा काँग्रेसच्या विरोधकांना दिल्या. उत्तर मुंबईतून मृणालताई, उत्तर-मध्य मुंबईतून अहिल्याताई: लाटणे मोर्चाच्या दोघी लोकसभेत गेल्या, आणि त्याच वेळी रायबरेलीत पंतप्रधान पराभूत झाल्या. “पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात” ही घोषणा तेव्हा मुंबईच्या भिंतींवर आणि मुखांवर होती. मराठी राजकारणात इतकी चपखल घोषणा क्वचितच जन्मली असेल. दिल्लीचा अध्याय मात्र थोडक्यात आटोपण्याजोगा आहे. जनता पक्षाचे सरकार १९७९ मध्ये आपल्याच भांडणांनी कोसळले, मृणालताई त्या सरकारात मंत्री नव्हत्या, आणि रायसीनाच्या टेकडीवरून गोरेगावचा नळ फार दूर दिसत असावा, असे त्यांच्या त्या वर्षांकडे पाहून वाटते.

त्या परतल्या तेव्हा गोरेगाव बदलू लागले होते. १९६१ साली सुमारे साडेएक्केचाळीस लाख असलेली बृहन्मुंबईची वस्ती १९८१ मध्ये ब्याऐंशी लाखांच्या पुढे गेली, आणि या वाढीतील सिंहाचा वाटा उपनगरांनी उचलला. पश्चिम द्रुतगती महामार्गालगत निरलॉनसारखे कारखाने होते, आरेच्या वर १९७७ पासून चित्रनगरी उभी राहत होती, मोतीलाल नगरासारख्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती भरून वाहत होत्या, आणि टेकड्यांच्या उतारांवर झोपड्यांचे थर एकावर एक चढत होते. पाण्याचा प्रश्न आता निवाऱ्याच्या प्रश्नात विरघळला होता. या ठिकाणी त्यांच्या कारकिर्दीतील, माझ्या मते, सर्वांत भक्कम आणि सर्वांत कमी बोलले गेलेले काम सुरू होते.

१९७६ साली केंद्राने नागरी जमीन कमाल धारणा कायदा केला होता. मुंबईत ५०० चौरस मीटरहून अधिक मोकळी जमीन कोणी बाळगू नये, वरकड जमीन सरकारने चौरस मीटरला जास्तीत जास्त दहा रुपये मोबदला देऊन घ्यावी आणि ती दुर्बल घटकांच्या घरांसाठी वापरावी, असा त्याचा हेतू. हेतू उदात्त होता. परंतु त्याच कायद्याच्या विसाव्या कलमात सरकारला सूट देण्याचा अधिकार ठेवलेला होता, आणि त्या एका कलमातून किती जमिनी निसटल्या याची गणती करणे महसूल खात्यालाही जड गेले असते. जमीन कागदावर वरकड ठरे, मालक न्यायालयात जाई, सरकार सूट देई किंवा स्वस्थ बसे, आणि मधल्या काळात तेथे एकतर झोपड्या पडत किंवा इमले उठत. मृणालताई आणि त्यांचे गोरेगावातील सहकारी प. बा. तथा बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषद स्थापून सरकारला त्याच्याच कायद्याने पकडले. हे सामंत म्हणजे ज्यांच्या अर्जावरून सिमेंट वाटपाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या १२ जानेवारी १९८२ च्या निकालानंतर मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावे लागले तेच सामंत होत. अर्ज लिहिण्याची कला गोरेगावात कोणत्या पायरीला पोहोचली होती याचा यावरून अदमास यावा.

परिषदेची मागणी नेमकी होती: दिंडोशीच्या बाजूला जी वरकड जमीन आहे ती बिल्डरास न देता घर नसलेल्या अल्प उत्पन्न गटातील लोकांच्या सहकारी संस्थांना द्यावी. ज्यांना घर हवे त्यांनी नावे नोंदवावीत, उत्पन्नाचे दाखले द्यावेत, हप्ते भरावेत, सभांना यावे, मोर्चांना यावे, आणि बांधकामाचा खर्च दडपून न ठेवता सर्वांसमोर मांडावा, अशी तिची रीत होती. जमीनमालकाशी खटले चालले, सरकारे बदलली, मंत्र्यांची आश्वासने फायलींत जिरली, वर्षे लोटली. शेवटी पूर्व गोरेगावात, डोंगराच्या उतारावर, सहा हजारांवर घरे उभी राहिली. सरकारी मंडळाच्या नव्हेत आणि बिल्डराच्याही नव्हेत, अशी ही घरे नाव नोंदवणाऱ्यांच्या स्वतःच्या संस्थांची होती. आपल्या देशात कल्याणकारी कायदे पुष्कळ होतात. एखाद्या कलमाच्या आधारे सहा हजार कुटुंबे छपराखाली आल्याची उदाहरणे मोजकी सापडतात. पुढे २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदा मोडीत काढला, तेव्हा अपयश कायद्याचे की अंमलबजावणीचे, हे विचारण्यासाठी त्या दिवशी मृणालताई सभागृहात नव्हत्या.

१९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या होत्या, आणि आता बसावयाचे होते नरिमन पॉइंटवरच्या नव्या विधानभवनात, ज्याचे उद्घाटन चार वर्षांपूर्वी इंदिरा गांधींच्या हस्ते झाले होते. विरोधक या वेळी थोडे अधिक होते. समाजवादी काँग्रेसचे शरद पवार विरोधी पक्षनेते होते. १९८६ च्या अखेरीस ते स्वगृही परतल्यावर ते पद विरोधी पक्षांनी आपसांत फिरते ठेवले आणि जनता पक्षाचे निहाल अहमद, शेतकरी कामगार पक्षाचे दत्ता पाटील यांच्यानंतर डिसेंबर १९८८ मध्ये ते मृणालताईंकडे आले. ऑक्टोबर १९८९ पर्यंत त्या त्या आसनावर होत्या. तरीही त्यांच्या या पाच वर्षांतील खरे काम त्या पदाच्या आधीचे आहे, आणि त्याचा उगम उपनगरी गाडीच्या डब्यात आहे.

त्या सुमारास मुंबईच्या लोकलगाड्यांत गर्भलिंगपरीक्षेच्या जाहिराती लागत. आज पाचशे रुपये खर्च केलेत तर उद्याचे पाच लाख वाचतील, अशा आशयाचा हिशेब त्यांत मांडलेला असे, आणि पाच लाख कशाचे हे कोणाला विचारावे लागत नसे. गर्भजलपरीक्षेचे जे तंत्र जन्मजात व्यंगे ओळखण्यासाठी आले होते त्याचा धंदा उपनगरांतल्या दवाखान्यांत मुलींच्या गर्भांवर चालला होता. लिंगनिदानाविरुद्ध मुंबईत १९८५ मध्ये स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी आणि डॉक्टरांनी एक मंच स्थापन केला. त्या मंचाच्या आग्रहावरून मृणालताईंनी १९८६ मध्ये विधानसभेत अशासकीय विधेयक मांडले. अशासकीय विधेयकाचे नशीब कोणत्याही कायदेमंडळात ठरलेले असते: शुक्रवारी थोडा वेळ चर्चा, मंत्र्यांचे गोड आश्वासन आणि मागे घेण्याची विनंती. या विधेयकाने मात्र सरकारला खुर्चीत अस्वस्थ केले. समिती बसली, डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, वर्तमानपत्रांत चर्चा झाली, आणि १९८८ मध्ये शासनाने स्वतःचे विधेयक आणून गर्भलिंगपरीक्षेचे नियमन करणारा कायदा केला. देशातला तो या विषयावरचा पहिला कायदा. संसदेने तशा आशयाचा कायदा करण्यास १९९४ उजाडले.

मूळ विधेयकाच्या मागे उभ्या असलेल्या स्त्रिया त्या कायद्यावर संतुष्ट नव्हत्या, आणि त्यांचे आक्षेप पुढील काळाने खरे ठरवले. खासगी दवाखान्यांना परवाना देऊन परीक्षा चालू ठेवण्याची मुभा कायद्यात राहिली, तक्रारीचा मार्ग लांबचा आणि नोकरशाहीचा होता, आणि सोनोग्राफीची यंत्रे गल्लोगल्ली आल्यावर १९८८ च्या व्याख्या अपुऱ्या पडल्या. मंत्रीपदावर कधीच न बसलेल्या आमदाराच्या हाती अंमलबजावणी नसते. तिच्या हाती प्रश्न विचारणे असते. तेवढे त्यांनी केले. याच काळात, १९८३ पासून, गोरेगावात केशव गोरे स्मारकाच्या आश्रयाने चालणाऱ्या ‘स्वाधार’ केंद्रात छळाने घर सोडून आलेल्या बायकांच्या हकिकती ऐकल्या जात होत्या. सभागृहातल्या त्यांच्या भाषणांना दाखल्यांचा तोटा का नसे, हे त्या केंद्राकडे पाहून समजते.

दरम्यान त्यांच्या उपनगराने दुसराच रस्ता धरला होता. गिरणी संप १९८२ मध्ये सुरू होऊन मोडला होता, मराठी श्रमिकाचा लाल आणि समाजवादी झेंड्यांवरचा विश्वास त्याच्याबरोबर ढळला होता, आणि १९८५ मध्ये महानगरपालिका जिंकलेली शिवसेना शाखाशाखांमधून उपनगरांत पाय रोवत होती. अर्ज घेण्याचे काम आता शाखाप्रमुख करू लागला, आणि तो मृणालताईंपेक्षा वेगाने करू लागला. कागद कोणत्या खात्याकडे जातो हे शोधण्यापेक्षा खात्यातल्या माणसाला दरडावणे त्याला सोपे वाटे. समाजवाद्यांची पद्धत नागरिकाला मोर्चात चालावयास लावणारी, सभेला बसवणारी, हिशेब वाचायला लावणारी होती. नव्या पद्धतीत नागरिकाने निवेदन देऊन घरी जायचे होते. लोकांनी दुसरी पद्धत निवडली याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ज्यांना सार्वजनिक नळ मिळाला होता त्यांच्या मुलांना आता नळाची आठवण नव्हती, आणि राजकारणात कृतज्ञतेचे आयुष्य एका पिढीहून अधिक नसते. १९९० च्या निवडणुकीत गोरेगावची जागा शिवसेनेच्या सुभाष देसाई यांच्याकडे गेली.

त्यानंतरही मृणालताई स्वस्थ बसल्या नाहीत. नव्वदच्या दशकात दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात साठी उलटलेली ही बाई कोकणातल्या गावांमधून हिंडत होती. १७ जुलै २०१२ रोजी त्या वारल्या. त्याआधी चार वर्षे, २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत, गोरेगावचा पूर्वेकडील भाग तोडून दिंडोशी हा स्वतंत्र मतदारसंघ करण्यात आला होता आणि २००९ मध्ये तेथे पहिली निवडणूक झाली होती. तेव्हापासून नागरी निवाऱ्याच्या दिंडोशीचा आमदार निराळा, आणि रूळांपलीकडच्या गोरेगावचा निराळा.